साखर काढल्यावर बाटलीत काय उरतं?

सामन्यानंतर आमच्या पोरांना लघवीला का होत नाही, असा प्रश्न १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या साहाय्यक प्रशिक्षकाने डॉ. रॉबर्ट केड यांना विचारला. केड मूत्रपिंडविकारांचे डॉक्टर. वरवरचं उत्तर सोपं होतं. फ्लोरिडाच्या दमट उन्हात, डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगावर जाड पॅड बांधून खेळणाऱ्या या मुलांच्या शरीरातून घामावाटे इतकं पाणी जात होतं, की मूत्रपिंडांच्या वाट्याला काही उरतच नव्हतं. पण केड तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मुलांचं रक्त तपासलं. क्षारांचं प्रमाण बिघडलेलं, साखर उतरलेली, रक्ताचं एकूण आकारमानही घटलेलं आढळलं. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाण्यात मीठ आणि साखर घालून एक पेय बनवलं. ते चवीला इतकं वाईट झालं, की घशाखाली उतरेना. त्यात लिंबाचा रस घालून बघा, हे केड यांच्या पत्नी मेरी यांनी सुचवलं. संघाचं नाव गेटर्स, म्हणून पेय झालं गेटोरेड.

पाणी, मीठ, साखर, लिंबू. आपल्याकडच्या कुठल्याही घरात याला सरबत म्हटलं असतं आणि पेटंटचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. केड यांचं वेगळेपण हे, की त्यांनी प्रत्येक जिन्नस कशासाठी घालायचा हे रक्ताच्या तपासण्यांवरून ठरवलं. आज जिममध्ये, मॅरेथॉनच्या पाणवठ्यांवर आणि औषधाच्या दुकानांतल्या फ्रीजमध्ये ‘झिरो शुगर’ लिहिलेल्या ज्या बाटल्या दिसतात, त्यांतून या चारांपैकी एक जिन्नस काढून टाकलेला आहे. हे पेय चांगलं की वाईट, असं लोक विचारतात. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ती साखर तिथे करत काय होती?

आधी घामाकडे बघू. घामात पाण्याखालोखाल असतं ते मीठ. एक लिटर घामात सरासरी एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. पण ही सरासरी फसवी आहे. कुणाच्या घामात जेमतेम अर्धा ग्रॅम, तर कुणाच्या दीड ग्रॅमच्याही पुढे. ज्यांच्या काळ्या टी-शर्टवर पळून आल्यावर पांढरे पट्टे उमटतात ते दुसऱ्या गटातले. पोटॅशियम त्या मानानं फारच थोडं जातं, लिटरमागे दीडशे ते तीनशे मिलिग्रॅम. एवढं पोटॅशियम एका केळ्यात सहज मिळतं. जोरदार व्यायामात तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. मुंबईसारख्या दमट हवेत तो येतो भरपूर, पण वाळत नाही. न वाळलेला घाम अंग थंड करत नाही, नुसता निथळून वाया जातो.

आता साखर. तिला दोन कामं होती. पहिलं काम इंधनाचं. स्नायूंमध्ये सुमारे चारशे ग्रॅम आणि यकृतात शंभर ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. दमदार गतीने पळत राहिलं तर हा साठा दीड-दोन तासांत तळाला जातो. त्यानंतर पाय जड होतात, डोकं चालेनासं होतं. म्हणून तासाभरापेक्षा जास्त चालणाऱ्या कष्टात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत, असं क्रीडापोषणाचे तज्ज्ञ सांगतात. गेटोरेडसारख्या पेयात साखरेचं प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास ठेवतात तेही हिशेबानंच. ते फार वाढलं तर पेय जठरातून पुढे सरकायला वेळ घेतं आणि पळताना पोटात डचमळतं.

दुसरं काम जास्त मनोरंजक आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन बसलेलं असतं, त्याचं नाव एसजीएलटी-१. सत्यनारायणाच्या पूजेला जसं जोडीनंच बसावं लागतं, तसं या दारातून सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनंच आत जावं लागतं. ती जोडी आत गेली की तिच्यामागोमाग पाणीही आत ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग इथल्या परिषदेत ही कल्पना मांडली. तिचा खरा उपयोग मैदानावर नव्हे, कॉलऱ्याच्या साथीत झाला. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या मीठ शोषण्याच्या इतर वाटा बंद पाडतं, पण हे जोडीचं दार उघडंच राहतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ साली, मरणोत्तर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात द्यायच्या अशाच मीठ-ग्लुकोजच्या पाण्यात, लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि सुमारे १,७०० मिलिग्रॅम सोडियम असतं. नेहमीच्या गोड गेटोरेडमध्ये लिटरमागे साखर ५८ ग्रॅमच्या आसपास आणि सोडियम साधारण ४५० मिलिग्रॅम. साखर चौपट, मीठ पाव. दोन्ही पेयांना आपण सरसकट ‘इलेक्ट्रोलाइटवालं पाणी’ म्हणतो, पण एक आजाऱ्यासाठी आहे आणि दुसरं पळणाऱ्यासाठी.

मग साखर काढायची वेळ का आली? कारण पेय मैदानाबाहेर पडलं. अमेरिकेत ५९१ मिलिलिटरच्या एका बाटलीत ३४ ग्रॅम साखर येते, म्हणजे सात-आठ चमचे. दोन तास घाम गाळणाऱ्याला ती लागते. पण ती बाटली शाळेच्या डब्याबरोबर, गाडी चालवताना, टीव्हीसमोर पिणारे लोक घाम गाळणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली स्पष्टच सांगितलं, की नेहमीसारखं खेळणाऱ्या मुलांना या पेयांची गरज नाही, पाणी पुरतं. कंपन्यांनी यातून आपल्या सोयीचा मार्ग काढला. बाटली, रंग, नाव आणि खेळाडूंचे फोटो तेच ठेवले आणि साखर काढली. गेटोरेड झिरो २०१८ साली बाजारात आलं. त्याआधी आणि नंतर बाकीच्यांनीही तेच केलं. आपल्याकडे आता पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या आणि पुड्यांच्या रूपातही हा प्रकार मिळतो.

ही बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात, त्यामुळे पहिलं नाव पाण्याचं. दुसरं बहुधा सायट्रिक आम्लाचं, आपल्याकडे आयएनएस ३३० या क्रमांकाने. लिंबाच्या फोडीचं काम आता हे करतं, आंबटपणा आणतं आणि जंतूंची वाढही रोखतं. त्यानंतर सोडियम सायट्रेट, म्हणजे ३३१. हे आंबटपणाची धार थोडी बोथट करतं आणि खारट चव फारशी न आणता सोडियम पुरवतं. मग साधं मीठ. मग पोटॅशियमसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट, क्रमांक ३४०. इथपर्यंतचा भाग म्हणजे खरं ‘पेय’. यापुढची नावं चव आणि दिसणं सांभाळण्यासाठी आहेत.

सुक्रालोज ९५५, ॲसेसल्फेम पोटॅशियम ९५०. जगभरच्या साखरविरहित क्रीडापेयांत ही जोडी सर्रास आढळते. सुक्रालोज साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड, ॲसेसल्फेम दोनशे पट. दोन्ही एकत्र घालण्यामागे कारण आहे. ॲसेसल्फेमची गोडी जिभेवर चटकन येते पण मागे कडवट छटा ठेवते, सुक्रालोजची गोडी सावकाश चढते आणि रेंगाळते. दोघांनी मिळून साखरेच्या जवळपास जाता येतं आणि प्रत्येकाचं प्रमाणही कमी लागतं. सुक्रालोजच्या शोधात एक मराठी आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ यांच्याबरोबर साखरेच्या रेणूत क्लोरीन बसवण्याचे प्रयोग करणारे शशिकांत फडणीस. त्यांना एक पूड तपासायला सांगितली होती. ती चाखून बघायला सांगितली आहे, असं त्यांनी ऐकलं आणि खरोखर जिभेवर ठेवली. ॲसेसल्फेमचा शोध १९६७ साली जर्मनीतल्या हेक्स्ट कंपनीच्या कार्ल क्लाउस यांना असाच बोट चाटल्यामुळे लागला. प्रयोगशाळेत काही तोंडात घालू नये हा नियम सगळ्यांनी पाळला असता, तर हा धंदा उभाच राहिला नसता.

उरलेले घटक भरभर बघता येतील. स्वादाचं तेल पाण्यात तरंगून वर गोळा होऊ नये म्हणून झाडाच्या राळेपासून केलेला एक पदार्थ, क्रमांक ४४५, किंवा सुधारित स्टार्च. टिकाऊपणासाठी सोडियम बेंझोएट २११ किंवा पोटॅशियम सॉर्बेट २०२. रंगासाठी टार्ट्राझिन १०२, सनसेट यलो ११०, ब्रिलियंट ब्लू १३३. यांतल्या पहिल्या दोन रंगांसाठी युरोपात २०१० पासून ‘मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो’ असा इशारा छापावा लागतो. एखादं पेय निळंशार असल्यानं कुणाची तहान जास्त भागल्याचं ऐकिवात नाही. काही कंपन्या बी गटातली जीवनसत्त्वं घालून पुढे मोठ्या अक्षरांत ‘एनर्जी’ लिहितात. ती जीवनसत्त्वं अन्नातून ऊर्जा मोकळी करायला मदत करतात, स्वतः ऊर्जा देत नाहीत. जेवणातून मिळत असतील तर जादा मात्रा लघवीवाटे निघून जाते.

‘शुगर फ्री’ या शब्दांना आपल्याकडे कायदेशीर अर्थ आहे. १०० मिलिलिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच हा दावा करता येतो. पण त्या मोजणीत साखर म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज अशा छोट्या रेणूंच्या साखरा. माल्टोडेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून केलेला पदार्थ तिच्यात धरला जात नाही, आणि पोटात गेल्यावर मात्र त्याचं ग्लुकोज व्हायला फारसा वेळ लागत नाही. व्यायामासाठीच्या पुड्यांमध्ये तो सर्रास असतो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी पुढची मोठी अक्षरं सोडून मागच्या तक्त्यात ‘साखर’ या ओळीच्या वरची ‘कार्बोहायड्रेट’ ही ओळ वाचावी. तिथे शून्याच्या आसपास आकडा असेल तरच ते पेय खरोखर झिरो. ‘नो ॲडेड शुगर’ हा तर निराळाच दावा आहे. त्यात फळाच्या रसाची भरपूर साखर असू शकते.

आता हे पेय काम करतं का? पाणी शोषलं जाण्यापुरतं म्हणाल, तर करतं. निरोगी आतड्यात पाणी आत जायला साखरेची जोडी असलीच पाहिजे असं नाही. रक्तापेक्षा पातळ द्रावण असलं की पाणी आपोआप आत खेचलं जातं आणि साखर काढलेलं पेय रक्तापेक्षा पुष्कळच पातळ असतं. त्यातलं सोडियम दोन गोष्टी करतं. प्यायलेलं पाणी लगेच लघवीवाटे जाऊ देत नाही, आणि तहान पूर्ण विझू देत नाही, त्यामुळे माणूस पुरेसं पितो. शिवाय चव बरी असली की घोट जास्त जातात, हाही फायदाच.

इंधनाच्या बाबतीत मात्र बाटली रिकामी आहे, आणि मेंदू इथे फसत नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात २००४ साली सायकलस्वारांना सुमारे एक तासाची चाचणी देताना माल्टोडेक्स्ट्रिनच्या द्रावणाने नुसती चूळ भरून थुंकायला लावलं. पोटात काहीच गेलं नाही, तरी त्यांची वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारली. २००९ साली तिथल्याच संशोधकांनी पुढचा प्रयोग केला. खऱ्या कर्बोदकाचं आणि कृत्रिम गोडीचं अशी सारख्याच चवीची द्रावणं घेऊन चूळ भरायला लावली आणि मेंदूची छायाचित्रंही काढली. खऱ्या साखरेने मेंदूतले उत्तेजनाचे भाग जागे झाले आणि कामगिरी सुधारली. कृत्रिम गोडीने दोन्ही घडलं नाही. जिभेला गोड लागणं आणि तोंडाला इंधन आल्याचं कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसलं.

म्हणजे हिशेब असा बसतो. सकाळी पाऊण तास चालणं, जिममधला तास, संध्याकाळचं बॅडमिंटन यांना पाणी पुरतं. त्यानंतर आपण काहीतरी खाणारच असतो आणि त्यात मीठही असतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून दोन-अडीच तास पळायचं असेल, तर साखर लागते. तिथे झिरोची बाटली घेणं म्हणजे पेट्रोल संपलेल्या वेळी नुसतं रेडिएटरमध्ये पाणी भरणं. झिरोची खरी जागा या दोहोंच्या मधे आहे. घाम भरपूर, पण इंधनाची नड नाही: वजन उतरवण्यासाठी उन्हात लांब चालणारा, मधुमेह असून सायकल चालवणारा, किंवा जेवून कामाला लागलेला आणि दिवसभर उन्हात राबणारा माणूस. ही जागा लहान आहे. बाजार तिच्यापेक्षा फार मोठा आहे.

मीठ आहे म्हणून कितीही प्या, असंही नाही. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं आढळलं. ते घामाने सुकलेले नव्हते. त्यांच्यातल्या बहुतेकांचं वजन पळून उलट वाढलेलं होतं, कारण वाटेवरच्या प्रत्येक टेबलावर ते पीत सुटले होते. कुणी साधं पाणी प्यायलं आणि कुणी क्रीडापेय, याने फरक पडला नाही. ते स्वाभाविकही आहे. रक्तातल्या सोडियमच्या मानानं या पेयांतलं सोडियम एक सप्तमांश असतं. तहान लागेल तेवढंच प्यावं, हा जुना नियम बहुतेकांना पुरतो.

आरोग्याचा प्रश्न निघाला की सगळी चर्चा कृत्रिम गोडीभोवती फिरते, म्हणून तिच्याजवळ थोडं थांबू. सुक्रालोजचा बहुतांश भाग शरीर शोषूनच घेत नाही, तो शौचावाटे जातो. अमेरिकी नियामकांनी आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं ठरवलेलं प्रमाण आहे शरीराच्या वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचं प्रमाण १५. एक ढोबळ हिशेब करू. नेहमीच्या क्रीडापेयाइतकी गोडी एकट्या सुक्रालोजने आणायची, तर अर्ध्या लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम लागेल. ६० किलोच्या माणसाला कडक मर्यादेनेही सहा बाटल्या झाल्या, आणि जोडीला ॲसेसल्फेम असलं की सुक्रालोज त्याहून कमीच असतं. २० किलोच्या मुलाची मर्यादा मात्र दोन बाटल्यांतच गाठली जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत क्रिकेटच्या शिबिराला जाणाऱ्या मुलाला दोन बाटल्या काही जड नाहीत.

विषारीपणाची भीती मला अनाठायी वाटते. २०२३ साली ॲस्पार्टेम या दुसऱ्या गोड पदार्थाला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं तेव्हा मोठी खळबळ झाली. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क त्याच गटात आहे, हे कुणी सांगितलं नाही. जास्त दखल घेण्याजोगी गोष्ट त्याच वर्षीच्या मे महिन्यातली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेच्या गोडीवर विसंबू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने दिला, कारण दीर्घकाळात त्याने वजन उतरल्याचं दिसत नाही. सल्ला सशर्त आहे आणि आधीच मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही, पण त्याचा रोख बरोबर आहे. २०२२ साली इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेने १२० निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात सुक्रालोज आणि सॅकरिनमुळे आतड्यातल्या जिवाणूंत बदल झाले आणि काहींच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची रीतही बिघडली. सगळ्यांची नाही. हा विषय अजून मिटलेला नाही. तरी रोजच्या गोड बाटलीच्या जागी कुणी झिरोची बाटली घेत असेल, तर त्याचा फायदा उघड आहे. ती पाण्याच्या जागी येत असेल, तर मला तिच्यात फायदा दिसत नाही.

गोडीच्या गदारोळात दात मागे पडतात. साखर गेली म्हणून दात वाचले, असं लोक धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. कीड लावणाऱ्या जंतूंचं खाद्य गेलं, पण आम्ल तिथेच आहे. दाताचं आवरण साधारण ५.५ पेक्षा कमी सामूला विरघळायला लागतं आणि या पेयांचा सामू ३ च्या आसपास असतो, साखर असो वा नसो. व्यायामात तोंड कोरडं पडलेलं असतं, आम्ल धुऊन काढायला लाळ कमी असते आणि आपण दर पाच मिनिटांनी एक घोट घेत असतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या ३०२ खेळाडूंचे दात तपासले तेव्हा ४५ टक्के लोकांत आवरणाची झीज दिसली. घोळत राहण्यापेक्षा एका दमात पिऊन वर पाण्याची चूळ भरणं बरं. लगेच ब्रश करू नये, मऊ झालेलं आवरण त्याने खरवडलं जातं. लिंबू सरबतालाही हेच लागू आहे, म्हणून घरचं म्हणजे निर्धोक असं समजायचं कारण नाही.

मिठाचंही तसंच. त्या ५९१ मिलिलिटरच्या अमेरिकी बाटलीत २७० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर मीठ. दिवसाला एकूण पाच ग्रॅम मिठाची मर्यादा सांगितलेली असताना, लोणचं-पापड-चिवडा खाणाऱ्या आणि वातानुकूलित खोलीत बसणाऱ्या माणसाला हे वरचं मीठ कशाला हवं? रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांच्या बाबतीत पोटॅशियमचाही प्रश्न असतो.

घरी हेच करायचं असेल तर फार खटाटोप नाही. एक लिटर पाण्यात चहाचा पाव चमचा बारीक मीठ घातलं की जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम होतं, म्हणजे त्या अमेरिकी बाटलीपेक्षा जास्तच. एक लिंबू पिळा. गोडी नकोच असेल तर थोडं जिरं, आलं. लांब पळायचं असेल तर त्यातच पन्नास-साठ ग्रॅम साखर. मग ते केड यांचं मूळ पेय झालं. खारं ताक उन्हात राबणाऱ्यांसाठी उत्तम आहे, आणि उष्माघात टाळण्यासाठीच्या सरकारी सूचनांतही ताक, लिंबूपाणी, भाताची पेज यांचीच नावं असतात. शहाळ्याबद्दल मात्र गैरसमज आहे. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम बेताचंच, म्हणजे घामात जे जातं त्याच्या उलट. शहाळं पिऊन वर चिमूटभर मीठ लावलेलं काही खाल्लं की काम भागतं.

राहिल्या दोन वेळा, जेव्हा झिरोची बाटली चांगली की वाईट हा वादच नसतो, ती चालतच नाही. पहिली जुलाबाची. लहान मुलाला जुलाब लागले की घरात असलेलं ‘इलेक्ट्रोलाइट’ पाजायचा मोह होतो. त्यात ओआरएसच्या मानानं सोडियम चौथाई आहे आणि जोडीचं दार उघडणारं ग्लुकोज मुळीच नाही. गोड क्रीडापेयं आणि डबाबंद सरबतं दुसऱ्या टोकाला चुकतात, जास्त साखरेने जुलाब वाढतात. आपल्याकडे अशाच गोड पेयांवर ‘ओआरएस’ अशी अक्षरं छापून ती औषधाच्या दुकानांत विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध काही वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या कुठल्याही पेयावर ही अक्षरं वापरायला बंदी केली. त्यामुळे दुकानात नाव नव्हे, सूत्र बघून पुडी मागावी.

दुसरी वेळ मधुमेह असलेल्या माणसाच्या रक्तातली साखर अचानक उतरते तेव्हाची. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना व्यायाम करताना आणि नंतरही काही तास हा धोका असतो. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं असंबद्ध होतं. त्या क्षणी १५ ग्रॅम ग्लुकोज पोटात जायला हवं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला हवं. बरोबरची माणसं घाईत पिशवीतली रंगीत बाटली तोंडाला लावतात. ती गोड लागते, पिणाऱ्यालाही वाटतं साखर मिळाली, आणि रक्तात काहीच चढत नाही. अशा माणसाने पळायला जाताना झिरोची बाटली खुशाल न्यावी, पण ग्लुकोजची पुडी वेगळ्या कप्प्यात ठेवावी आणि तो कप्पा सोबत पळणाऱ्या निदान एकाला तरी दाखवून ठेवावा.